डाळिंबाची गळकी फुलं आणि ह्यांची दाढ

आमच्याकडे सकाळी पोहे, आणि पोह्यांवर सेव. इंदूरच्या माणसाला हे सांगायला नको. ती सेवही लवंगेची, रतलामी वळणाची. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर असेच पोहे खाताखाता ह्यांची खालची डावी दाढ ठणकली. ह्यांनी बशीतल्या सेवेकडे बोट केलं, "औषध तर यातच आहे की," म्हणाले आणि फडताळातून लवंगेच्या तेलाची बाटली काढली. कापसाचा बोळा चिंब भिजवला आणि दाढेशी दाबून बसले. ठणका दहा मिनिटांत गेला. संध्याकाळी आरशात पाहतात तो हिरडी पांढरीफटक, आणि दुसऱ्या दिवशी तिथली सालं निघायला लागली. घरात मी, चौतीस वर्षं जंतूंच्या ताटल्या ओतलेली बाई, आणि माझ्याच नवऱ्याने हिरडी भाजून घ्यावी! मी त्या वेळी गिरणीत दळण ठेवायला गेले होते, नाहीतर बाटली हातातून काढून घेतली असती.

तेव्हापासून लोकमान्यनगरात जो तो विचारतो, काकू, दातांना कुठलं फूल चांगलं? जिन्यात उभ्या उभ्या सांगून पुरत नाही, म्हणून एकदाचं लिहून काढते.

मी प्राध्यापक नव्हते. इथल्याच एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन होते. अगार, म्हणजे जंतू वाढवायची खळ, शिजवायचा, ताटल्या ओतायच्या, निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह लावायचा, मुलांनी फोडलेल्या परीक्षानळ्यांचा हिशेब ठेवायचा. दर वर्षी एम.एस्सी.च्या दोन-तीन मुलींचा प्रकल्प ठरलेला: अमुक फुलाचा अर्क आणि तोंडातले तमुक जंतू. मुली अर्क करायच्या, वाढवलेले जंतू मी द्यायचे. त्यामुळे फुलं काय करतात आणि काय करत नाहीत, हे मी जवळून पाहिलं आहे.

ताटलीतला घेरा

प्रयोग सोपा असतो. अगारवर जंतू सगळीकडे सारखे पसरायचे, वर अर्कात बुडवलेली कागदाची बारकी चकती ठेवायची आणि 37 अंशांवर रात्रभर ठेवून द्यायचं. सकाळी ताटलीवर सायीसारखी वाढ दिसते. अर्कात दम असेल तर चकतीभोवती एक स्वच्छ घेरा राहतो, तिथे काही उगवलेलं नसतं. लवंगेच्या तेलाचा घेरा असा मोठा की मुली बघून टाळ्या वाजवायच्या. डाळिंबाच्या फुलांच्या काढ्याचा घेरा लहान, पण स्पष्ट. बाजारच्या गुलाबपाण्याची चकती ठेवली तेव्हा जंतू तिच्या कडेला येऊन टेकले होते, जणू पाटावर जेवायला बसलेत.

घेरा दिसला की मुली प्रबंधात लिहायच्या, "हे फूल दंतरोगांवर गुणकारी आहे." तिथेच माझं डोकं फिरायचं. ताटलीत अर्काला अख्खी रात्र मिळते. तोंडात तुम्ही अर्धा मिनिट चूळ भरता आणि थुंकता, वर लाळ धुऊन नेते ती वेगळीच. माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते.

शिवाय दातावरचे जंतू ताटलीतल्यासारखे उघड्यावर बसलेले नसतात. स्वतःच तयार केलेल्या चिकट थरात ते गाडलेले असतात. सकाळी उठल्यावर जीभ फिरवली की दात बुळबुळीत लागतात ना, तो थर. स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा त्यातला मुख्य चोर. साखर खातो, तिचा डिंक करून स्वतःला दाताला चिकटवतो आणि वर आम्ल सोडतो. दातापाशी पीएच (तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, विरघळू लागतं. इथल्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, अकराला जिलबी खाऊन तसंच झोपणारे आपण सगळे या चोराला मेजवानी देतो, कारण झोपेत लाळही कमी सुटते.

या थरातले जीव सगळ्यांत आधी पाहिले ते हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या एका कापडव्यापाऱ्याने, लेव्हेनहूकने. 1683 मध्ये त्याने आपल्याच दातांमधलं पांढरं किटण खरवडून स्वतः घासलेल्या भिंगाखाली धरलं आणि त्यात वळवळणारे जीव पाहिले. मग त्याने व्हिनेगरने चूळ भरून पाहिली. थराच्या बाहेरचे जीव मेले, आतले मेले नाहीत. आमच्या मुली जे तीनशेहून जास्त वर्षांनी विसरत होत्या ते त्याने तेव्हाच लिहून ठेवलं होतं. चुळीचं पाणी थराच्या आत पोचत नाही, मग ते व्हिनेगरचं असो की फुलांचं.

म्हणून माझा नियम एकच: आधी थर मोडायचा, मग फूल. ब्रशने आणि दोऱ्याने थर विस्कटला की सुटे झालेले, उघडे पडलेले जंतू फुलांच्या अर्काच्या तावडीत सापडतात. न घासता नुसत्या चुळा भरणं म्हणजे खरकट्या कढईवर अत्तर शिंपडणं.

थर कुठे राहतो ते पाहायचं असेल तर बीट किसून रस काढा, कापसाने दातांवर फिरवा आणि एकदा साध्या पाण्याने चूळ भरा. जिथे लाली टिकून राहते तिथे तुमचा ब्रश पोचत नाही. माझ्या भाच्याला हा खेळ करून दाखवला तेव्हा त्याचे खालचे पुढचे दात आतून लालभडक निघाले. "मावशी, मी तर रोज घासतो," म्हणाला. घासतो, पण पुढून, फोटोपुरतं.

वेळेचंही सांगते, कारण इथे बरेच जण चुकतात. रात्री फ्लोराइडवाल्या पेस्टने दोन मिनिटं घासायचं, फेस थुंकायचा आणि चूळ भरायची नाही. पाण्याची नाही, फुलांचीही नाही. पेस्टमधलं फ्लोराइड दातावर राहायला हवं. सकाळीही तसंच. फुलांची चूळ दुपारच्या जेवणानंतर आणि संध्याकाळी, तीही आधी नुसत्या ओल्या ब्रशने, पेस्टशिवाय, थर मोडून. मी फुलांची भक्त असले तरी पेस्ट सोडा असं कुणालाही सांगत नाही.

डाळिंब

मला सगळ्यांत भरवशाचं वाटतं ते डाळिंबाचं फूल. युनानीवाले त्याला गुलनार म्हणतात. हिरड्यांतून रक्त येतं, सकाळी थुंकीत लाल रेघ दिसते, त्यासाठी.

आमच्या अंगणात एक डाळिंब आहे, सासूबाईंनी लावलेलं. त्याखाली रोज फुलं पडलेली असतात. नवीन लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं झाडाला काही रोग आहे. रोग नसतो. डाळिंबाला दोन तऱ्हेची फुलं येतात. एकाचा तळ फुगीर, सुरईसारखा; त्याचं फळ होतं. दुसऱ्याचा तळ निमुळता, घंटेसारखा. ते नराचं काम करून गळतं. दातांसाठी ही घंटेची फुलं घ्यायची. झाडावर हात न लावता मिळतात आणि एक डाळिंबही कमी होत नाही. सुरईवाली तोडलीत तर सासूबाई वरून बघतील.

सकाळी दव सुकल्यावर, त्याच दिवशी पडलेली, लालबुंद फुलं वेचा. काळी पडलेली, मुंग्या लागलेली सोडून द्या. पाकळ्या पातळ असतात, खरा माल आहे तो खालच्या जाड, मांसल लाल भांड्यात, म्हणून तो भाग टाकू नका. पाण्यातून एकदा काढून निथळा, प्रत्येक फूल उभं चिरा आणि सुती पंचावर सावलीत पसरा. उन्हात वाळवलीत तर रंग उडतो. मे महिन्यात इथे तीन दिवस पुरतात. पावसाळ्यात आठवडा लागतो, आणि तेव्हा पंख्याखालीच ठेवा, नाहीतर बुरशी. दाबल्यावर कडकन मोडलं की झालं. काचेच्या बरणीत भरा आणि बरणीवर तारीख लिहा. वर्षभराने उरलेली फेकून द्या.

चूळ अशी करायची. वाळलेली फुलं हाताने चुरून एक आमटीचा चमचा, म्हणजे साधारण पाच ग्रॅम. पाणी एक मोठं फुलपात्र, पाव लिटर. स्टीलच्या पातेल्यात झाकण ठेवून मंद आचेवर दहा मिनिटं उकळायचं, गार होऊ द्यायचं, दुहेरी मलमलीतून गाळायचं. पाणी तांबूस-तपकिरी होतं. चिमूटभर मीठ घाला, साखर किंवा मध मुळीच नको. दोन मोठे चमचे तोंडात घेऊन अर्धं ते एक मिनिट दातांच्या फटींतून खळखळवायचं आणि थुंकायचं. गिळायचं नाही. उरलेलं फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत. काढा शिळा झाला की त्यातच जंतू वाढतात, आणि जंतू मारायला केलेल्या काढ्याने चूळ भरून तोंडात जंतू सोडणं यात काय शहाणपण?

स्टीलचं पातेलं म्हटलं ते उगाच नाही. पहिल्या वेळी मी हा काढा लोखंडी कढईत केला. गाळायला घेतला तर दौतीतली शाई! डाळिंबात टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर; टॅनिनला लोखंड मिळालं की काळा रंग, जुन्या काळी शाई अशीच करत. माझा पांढरा पंचा अजून त्याची साक्ष देतो.

हे टॅनिनच फुलाचं खरं काम करतं. कच्चा पेरू खाल्ल्यावर तोंड कसं आवळून येतं, तसंच. टॅनिन प्रथिनांना धरतं. जंतूंच्या आवरणातली प्रथिनं, त्यांची विकरं, आणि हिरडीच्या वरच्या थरातलीही. त्यामुळे एकीकडे जंतूंना दाताला चिकटणं जड जातं आणि दुसरीकडे हिरडी आवळते, झिरपणारं रक्त थांबतं. पाच-सहा दिवसांत फरक दिसतो.

आणि नेमकी इथेच फसगत होते. रक्त थांबलं म्हणजे हिरडी बरी झाली असं नाही. हिरडीच्या काठाखाली किटण दगडासारखं बसलेलं असेल तर ते कुठल्याही फुलाने निघत नाही, ते डॉक्टरांनीच खरवडून काढायचं असतं. काढ्याने फक्त भोंगा बंद होतो, आग चालूच राहते. म्हणून सलग आठ-दहा दिवस, दिवसातून दोनदा, मग बंद. बंद केल्यावर रक्त पुन्हा आलं तर बरणी ठेवून द्या आणि दातांच्या डॉक्टरांकडे जा. महिनोन् महिने केलीत तर दातांवर चहासारखे डागही पडतील.

लवंग, आणि ती कशी वापरू नये

लवंग हे फूल आहे हे सांगितलं की लोक हसतात. एक लवंग कोमट पाण्यात भिजवा आणि वरचा गोळा नखाने हलकेच उघडा. न उमललेल्या पाकळ्या आणि आत केसरांची गर्दी दिसेल. मोलुक्का बेटांवरच्या एका झाडाची ही कळी, उमलण्याआधी खुडून वाळवलेली. आपल्याकडे आता केरळात, तमिळनाडूत होते.

चांगल्या लवंगेत वजनाच्या पंधरा-वीस टक्के तेल असतं आणि त्या तेलात बहुतांश, सत्तर ते नव्वद टक्के, युजेनॉल. ते जंतूंचं आवरण फोडतं, म्हणून ताटलीत एवढा मोठा घेरा. आणि ते नसेचा संदेशही अडवतं, म्हणून ठणका थांबतो. पण जे जंतूचं आवरण फोडतं त्याला तुमच्या गालाच्या आतली नाजूक कातडी ओळखू येत नाही. ह्यांच्या हिरडीचं तेच झालं.

तेव्हा आधी अख्खी लवंग वापरून पाहा. सियागंजातल्या मसाल्याच्या बाजारात किलोने घ्या की वाण्याकडून पुडी, एक परीक्षा करा: लवंग पाण्यात टाका. बुडाली किंवा उभी तरंगली तर तेल आहे. आडवी पडून तरंगली तर तिचं तेल आधीच कुणीतरी काढून घेतलंय. नख दाबल्यावर ओलसर तेल दिसलं पाहिजे. एक चांगली लवंग कोमट पाण्यात पाच मिनिटं मऊ करा, दुखऱ्या दाढेशी ठेवा आणि अलगद दाबा. चावून चोथा करू नका. पाच-सात मिनिटांनी काढून टाका. ती गालात ठेवून झोपणारे लोक मला माहीत आहेत. सकाळी गालाला आतून फोड घेऊन उठतात.

तेलच लावायचं असेल तर अर्धा चहाचा चमचा खोबरेल आणि त्यात लवंग तेलाचा एक थेंब. एकच. साधारण दोन टक्के होतं. कान साफ करायच्या कापसाच्या काडीवर घेऊन ती काडी टिपकागदावर टेकवा, जास्तीचं निघून जाऊ द्या, आणि फक्त दाताच्या खड्ड्यात लावा, हिरडीला नाही. दिवसातून दोनदा, दोन दिवस. त्यापुढे नाही.

लहान मुलांना लवंगेचं तेल अजिबात नको. बाटली त्यांच्या हाताला लागेल अशी ठेवूही नका. चहाचा एक चमचा पोटात गेला तरी यकृताला इजा होऊ शकते, झटके येऊ शकतात. आजीच्या काळी बाळाच्या हिरडीला चोळायचे, असं कुणी सांगितलं तरीही नाही. दिवस गेले असतील, किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर तेलाआधी डॉक्टरांना विचारा.

दाढ लवंगेने शांत झाली की माणूस डॉक्टरला विसरतो. किडीमुळे आतली नस सुजलेली असते; लवंग तिचा आवाज बंद करते, कीड तिथेच. पुढे नस मरते, मग ठणका आपोआपच थांबतो आणि आपण म्हणतो लवंगेने गुण आला. ह्यांच्या गालावर आठव्या दिवशी जी सूज आली ती अशीच.

बाबूना, आणि झेंडूची गफलत

तोंड आलंय, गाल-ओठाला आतून लहान फोड आहेत, तिखट लागत नाही, अशा वेळी डाळिंब फार आवळतं. तिथे कॅमोमाइल. आपल्या पंसाऱ्याकडे बाबूना म्हणून मागा. पांढऱ्या पाकळ्या, मधे पिवळा फुगीर गोळा. तो चिरला तर आतून पोकळ निघतो. जंतूंवर त्याचा जोर बेताचाच, पण सूज आणि दाह उतरवायला चांगलं.

याचा काढा करायचा नाही, फांट करायचा. म्हणजे पाणी उकळून आच बंद करायची, मग एक चमचा फुलं टाकून लगेच ताटली झाकायची आणि दहा मिनिटं उघडायचं नाही. औषध उडून जाणाऱ्या तेलात आहे, उकळलंत तर ते घरभर वासाच्या रूपाने फिरेल आणि भांड्यात पिवळं पाणी उरेल. ताटलीला आतून जे थेंब धरतात ते परत भांड्यात झटका. कोमट असताना चूळ भरा, दिवसातून तीनदा.

कॅलेंड्युलाही याच जातकुळीतलं काम करतं, हिरड्यांच्या सुजेवर. पण इथे मोठी गफलत आहे. इंटरनेटवर वाचून लोक कॅलेंड्युला म्हणून झेंडूचा काढा करतात. मीही एकदा एका दुकानातून "कॅलेंड्युला" म्हणून पुडा आणला, घरी उघडला तर दसऱ्याचा गोंडा! कॅलेंड्युलाची पानं अखंड, जिभेसारखी असतात आणि ताजं फूल बोटांना चिकट लागतं. झेंडूचं पान पिसासारखं चिरलेलं आणि वास उग्र. दोन्ही वेगळ्या वनस्पती. माळव्यात ऑक्टोबरमध्ये कॅलेंड्युलाचं बी कुंडीत टाकलं तर थंडीभर फुलं मिळतात, घरचीच वापरा. तिचाही बाबूनासारखा फांट. ज्यांना शेवंतीची, गाजरगवताची अॅलर्जी आहे त्यांनी या दोघांपासून लांब राहावं, सगळी एकाच कुळातली.

हारातली, देवाला वाहिलेली, फुलबाजारातली फुलं कुठल्याही कामाला घेऊ नका. निर्माल्य वाया जातं म्हणून जीव हळहळतो, कळतं मला. पण त्यांच्यावर फवारणी असते, आणि ती कुणी तोंडात घालायला पिकवलेली नसतात.

बाकीची, भराभर

बकुळीचं फूल वाळलं तरी वास सोडत नाही, पण दातांच्या कामाची आहे तिची साल आणि कच्चं फळ. सासूबाई सालीची पूड वापरायच्या. झाडाची साल सोलायला मी कुणाला सांगणार नाही.

पिवळ्या फुलांची काटेरी कोरांटी, तिलाच वज्रदंती म्हणतात. तिचंही काम पानांत आणि मुळात, फूल शोभेचं.

जाईची पानं तोंड आल्यावर चघळतात; फुलं गजऱ्यात राहू द्या.

अक्कलकारा म्हणून दमट जागी एक लहान झुडूप असतं, बिनपाकळ्यांची पिवळी बोंडं येतात. ते बोंड चघळलं की जीभ झिणझिणते, बधिर होते आणि लाळ सुटते. ठणक्यावर घटकाभर उपयोगी, आणि लाळ सुटणं हे दातांना चांगलंच. अर्ध्या बोंडाहून जास्त नको.

धायटी, इथे धावई म्हणतात, विंध्याच्या उतारावर लाल फुलांनी लगडलेली असते. टॅनिन डाळिंबासारखंच. पण आसव-अरिष्टं आंबवायला हीच फुलं घालतात, कारण त्यांच्यावर रानटी यीस्ट असतं. नुसतं पाणी घालून ठेवलंत तर दुसऱ्या दिवशी बरणी फसफसेल. मी वापरत नाही.

गुलकंद दातांना काहीच करत नाही, साखर मात्र भरपूर देतो.

आणि एक नाव फसवं आहे. मंजन म्हणून "गुल" विकतात. गुल म्हणजे फूल असं समजून आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंनी ते सुरू केलं होतं. ती तंबाखूची पूड आहे, मशेरीची बहीण. सुटता सुटत नाही.

सियागंजातल्या माझ्या ओळखीच्या दुकानात गेलात तर "गुलनार, बाबूना, साबुत लौंग" एवढंच मागा. दुकानदार विचारतो, "दीदी, पायरिया का पूरा नुस्खा बना दूँ?" नको म्हणा. पूड करून दिलेलं काहीही घेऊ नका. अख्खं फूल ओळखता येतं, पूड ओळखता येत नाही.

बरणी बाजूला कधी ठेवायची

गाल किंवा जबडा सुजला, ताप आला, तोंड पुरतं उघडेना, गिळायला त्रास होऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर. रात्री आडवं पडल्यावर दाढ ठणकते, गरम लागलं की कळ बराच वेळ राहते, तर त्याच आठवड्यात. दोन आठवड्यांत न भरलेला फोड किंवा न जाणारा पांढरा-लाल चट्टा, विशेषतः सुपारी, गुटखा, तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडात, तर एकही चूळ न भरता दाखवायला जा. मधुमेह असेल तर हिरड्यांचं दुखणं अंगावर काढूच नका. साखर हिरड्या बिघडवते आणि बिघडलेल्या हिरड्या साखर वाढवतात.

आमच्या ह्यांना नवव्या दिवशी मी ओढतच नेलं. मुळाशी पू झाला होता. दाढ उघडून साफ केली, मुळांच्या नळ्यांत औषध भरलं आणि आठवड्याने या म्हणून वरून तात्पुरतं बुजवलं. डॉक्टरीणबाई काचेच्या तुकड्यावर पांढरी पूड आणि दोन थेंब कसलंतरी तेल कालवत होत्या, आणि दवाखानाभर ओळखीचा वास पसरला. ह्यांचं तोंड आ वासलेलं, बोलता येईना, पण डोळे माझ्याकडे वळले. झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल. लवंगच.

घरी येताना रिक्षात गाल बधिर असतानाही म्हणालेच, "बघितलंस? शेवटी लवंगच घातली."

"घातली," मी म्हटलं, "पण आधी खोदलं किती, तेही सांगा कॉलनीत."